शेषराव सोनुने, सुमारे दोन लाख निकाल

माझ्या घराच्या दारावर दोन नावं आहेत. एक माझं. दुसरं उजव्या कोपऱ्यात, तिरपं, खाली लांब रेघ ओढलेलं: शेषराव. माझं नाव पांढऱ्या रंगात आहे, ते पिवळ्या. नवा पाहुणा आला की पाटी वाचतो आणि हळूच विचारतो, "हे शेषराव कोण? वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत का?"

आमचं घर एकमजली आहे.

शेषराव सोनुने आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा जानेफळची. मी तिथं मुख्य लिपिक आहे, मेहकरहून रोज अपडाऊन करतो. आमच्याकडे मुख्य लिपिकाला मोठे बाबू म्हणतात. सोनुने सर नुसतं बाबू म्हणायचे. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. उंच, किंचित वाकलेले, उजव्या हाताच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग. नखांवरून कोणत्या गावाचं काम चालू आहे ते सांगता यायचं. निळा असेल तर अंगणवाडी, भगवा असेल तर मंदिर, काळा असेल तर शाळेचाच फळा.

पाटी असो, भिंत असो, लग्नाचा बोर्ड असो, काम संपलं की ते दोन पावलं मागं जात, डोळे बारीक करून बघत, पुन्हा पुढं येत आणि उजव्या कोपऱ्यात नाव टाकत. पंचायत समितीनं गावागावात हात धुण्याच्या घोषणा लिहून घेतल्या, त्यांच्याखाली नाव. सव्वीस जानेवारीच्या रांगोळीत झेंड्याच्या पायाशी नाव. शाळेच्या मुतारीवर 'मुले' आणि 'मुली' लिहिलं, तिथंही नाव. मुख्याध्यापक म्हणाले, "सोनुने, इथं तरी नको होतं."

"काऊन सर? अक्षर चांगलं नाई आलं का?"

"अक्षर चांगलं आहे हो."

"मंग?"

मुख्याध्यापक ऑफिसाकडे वळले. नाव राहिलं.

लोक म्हणायचे, माणसाला प्रसिद्धीची हाव आहे. ती होतीच, मी नाकारत नाही. पण मी एकदा त्यांना सरळ विचारलं, तेव्हा ते जे बोलले ते मला अजून पाठ आहे. "बाबू, ज्यानं काम केलं त्यानं नाव टाकलंच पाह्यजे. नाई त शिव्या द्यायले लोकायले पत्ता कसा भेटन?"

मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. मग देऊळघाटचं प्रकरण झालं.

देऊळघाटच्या एका शाळेच्या भिंतीवर त्यांनी जिल्ह्याचा मोठा नकाशा काढला होता. तेरा तालुके, तेरा रंग, आणि मधून निळी पैनगंगा. काम देखणं झालं होतं. काही दिवसांनी शाळेच्या ऑफिसात फोन आला. देऊळघाटचेच कोणी म्हातारे शेतकरी होते. कोपऱ्यातलं नाव वाचून, चार ठिकाणी विचारून त्यांनी नंबर मिळवला होता. मी फोन सरांच्या हातात दिला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू येत होता.

"मास्तर, आमची नदी तुमी गावाच्या त्या अंगानं नेली. माही जमीन या अंगाले आहे. आता पानी कोठून घेऊ म्या?"

सर हसले नाहीत. "चुकलं बाप्पा," म्हणाले, "रविवारी येतो."

रविवारी ते रंगाचे डबे घेऊन एसटीनं गेले. मेहकर, चिखली, बुलडाणा आणि तिथून देऊळघाट. जुनी नदी पुसली, नवी काढली. सोमवारी शाळेत आले तेव्हा मी विचारलं, काल कुठं होता? ते हजेरीची सही करता करता म्हणाले, "पैनगंगा सरकवून आलो."

आजही त्या नकाशाखाली दोन ओळी आहेत. एक 'शेषराव'. तिच्याखाली, जरा लहान अक्षरात, 'दुरुस्ती: शेषराव'.

शाळेत इंटरनेट आलं तेव्हा त्यांना एक नवी भिंत सापडली. शनिवारी आमची सकाळची शाळा. अकराच्या सुमाराला मुलं जायची, शिक्षक पिशव्या आवरायचे आणि सोनुने सर माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसायचे.

"बाबू, पाहा बरं आकडा."

मी त्यांचं नाव टाइप करायचो. पडद्यावर वरच बारीक अक्षरात यायचं: सुमारे दोन लाख अमुक हजार निकाल. खाली काय आहे ते सर बघायचे नाहीत. आकडा वाचायचे, मान हलवायचे आणि स्टाफरूममध्ये जाऊन सांगायचे, "मी सध्या दोन लाखांच्या वर ठिकानी आहो."

व्यायामाचे खरात सर शाळेतले विनोदी गृहस्थ. ते म्हणायचे, "दोन लाख ठिकाणी आहात, मग तासाला वर्गात का नसता?"

पुढच्या शनिवारी आकडा घसरला, तर सरांचा चेहरा उतरायचा. "आठ दिवसांत एवढे कमी? गेले कोठं?"

"रिटायर झाले असतील," खरात सर म्हणायचे.

मला हे सहन होईना. म्हणजे सरांचं नव्हे, आकड्याचं. माझा स्वभाव असा आहे की बेरीज जुळली तरी मी एकदा खालून वर करून बघतो. हा दोन लाखांचा आकडा कशाचा, कोणी मोजला, त्यात काय धरलं आणि काय सोडलं, कशाचाच ठाव नव्हता. एका शनिवारी मी सरांना शेजारी बसवलं आणि एकेक पान उघडून वाचायला घेतलं. बहुतेक पानांवर शेषराव एक होता आणि सोनुने दुसराच. कुठं शेषराव पाटील आणि त्याच पानावर कोणी डॉक्टर सोनुने. यंत्रानं दोघांना एकत्र धरून सरांच्या खात्यात टाकलं होतं. ते सगळं वगळल्यावर पूर्ण नावाचे जे उरले, त्यातही वाशीमचे एक बियाणेवाले निघाले, नाशिककडचे एक कुस्तीचे वस्ताद निघाले, मेहकर तालुक्यातलेच पण जालन्याकडे स्थायिक झालेले एका पतसंस्थेचे संचालक निघाले. आमच्या सरांची पानं तीन निघाली. एका चित्रकला स्पर्धेत परीक्षक म्हणून नाव, एका रांगोळीच्या फोटोखाली नाव, आणि शिक्षण खात्याची सेवाज्येष्ठता यादी.

मी जे होतं ते सांगितलं. "सर, तीन."

मला वाटलं, आता उठून जातील. त्यांनी विचारलं, "आन बाकीचे?"

"बाकीचे दुसरे शेषराव सोनुने."

"म्हंजे मानसंच आहेत न?"

"माणसंच आहेत."

"मंग त्यायले भेटलं पाह्यजे," ते म्हणाले आणि एकदम खुलले. दोन लाखांवरून तिनावर आलेला माणूस असा खुललेला मी दुसरा पाहिला नाही.

वाशीमच्या बियाणेवाल्यांच्या पानावर दुकानाचा नंबर होता. सरांनी तिथल्या तिथं फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो, कोण बोलताय?"

"शेषराव सोनुने."

"हो, बोलतोय. आपण कोण?"

"शेषराव सोनुने."

"अहो बोलतोय म्हटलं ना! तुम्ही कोण?"

"भाऊ, मी बी तेच बोलून राह्यलो. शेषराव सोनुने."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. मग संशयानं, "वसुलीवाले का?"

समजूत पटायला वेळ लागला, पण पटल्यावर ते वाशीमचे शेषराव अर्धा तास बोलले. सरांनी या सगळ्यांसाठी एक शब्द काढला होता, 'नावभाऊ'. चुलतभाऊ, मावसभाऊ, गुरुभाऊ, तसा नावभाऊ. नाशिककडच्या वस्तादांनी त्यांना तालमीचा फोटो पाठवला. सरांनी तो पाहून पैलवानाचं चित्र काढून पाठवलं, कोपऱ्यात नावासकट. वस्तादांनी ते तालमीत लावलं. आता त्या तालमीतल्या पोरांना वाटतं की चित्र वस्तादांनीच काढलं. सरांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. "वाटू द्या न. नाव त बरोबर आहे!"

पतसंस्थेच्या संचालकांशी त्यांचं विशेष जमलं. गाव जवळचं, वय सारखं. भावकीतले नव्हते, पण दिवाळीला त्यांचा फोन ठरलेला. शनिवारची मोजणी चालूच राहिली, पण तिचा रंग बदलला. आकडा वाढला की सर म्हणायचे, "कोन्या तरी शेषरावनं काही तरी केलं वाटते. पाहा बरं कोन."

एका शनिवारी आकडा वाढला आणि मी पान उघडलं. जालन्याकडच्या त्या पतसंस्थेत ठेवी अडकल्या होत्या, ठेवीदारांनी तक्रार केली होती आणि संचालकांवर गुन्हा दाखल झाला होता. नावांत शेषराव सोनुने होते. 'मूळ रा. मेहकर तालुका' असंही छापलं होतं. फोटो नव्हता.

सरांनी बातमी वाचली. त्यांनी फोन लावला, तो बंद होता.

याच सुमाराला त्यांच्या मुलीचं, मयूरीचं, लग्न जमत आलं होतं. मयूरीनं फार्मसी केलेली, सरळ आणि तोंडाची स्पष्ट. स्थळ पिंपळगाव राजाचं. मुलगा चांगला, मुलीला पसंत, पाहणं झालेलं. साखरपुड्याची तारीख काढायची तेवढी बाकी. खामगावचे सरांचे मेहुणे मध्यस्थ होते. तिकडून एकाएकी निरोप येणं बंद झालं. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी मेहुण्यांचा फोन आला. मुलाचे मामा हुशार माणूस. त्यांनी मुलीच्या बापाचं नाव मोबाइलवर टाकून पाहिलं होतं आणि पहिल्याच पानावर गुन्हा दाखल झाल्याची बातमी आली होती.

"मी म्हटलं त्यायले, तो दुसरा आहे," मेहुणे म्हणाले. "त मामा म्हनते, सगळे असंच म्हनतात. मास्तर लोक पतसंस्थेवर संचालक असतातच."

खोटं नव्हतं ते. असतातच.

मी त्या संध्याकाळी सरांच्या घरी गेलो. मला उपाय सरळ दिसत होता. आपल्याकडे अशा वेळी पेपरात जाहीर खुलासा देतात: अमुक बातमीतील इसम मी नव्हे, माझा त्याच्याशी काही संबंध नाही, कळावे. मी मजकूर लिहूनच नेला होता. सोनुने वहिनींनी तो वाचला आणि म्हणाल्या, "उद्याच द्या छापायला." सरांनी वाचला, एकदा, दोनदा. कागदाची घडी केली आणि माझ्या खिशात परत ठेवली.

"नाई बाबू."

"का?"

"आज नेटवर तो येगळा न मी येगळा. हे छापलं की माया नावापुढं कायमचा तो गुन्हा. कोनी बी नाव टाकलं की दोघं संगंच निंगतीन. हे त सोयरीकच झाली."

मुद्दा बिनतोड होता. मी हे ध्यानात घ्यायला हवं होतं, घेतलं नव्हतं. पण ते तिथं थांबले नाहीत.

"आन दुसरं म्हंजे, तो मले दर दिवाळीले फोन करते. त्यानं पेपर उघडला न त्यात दिसलं की शेषराव म्हनते मी याले वळखत नाई, त काय वाटन त्याले? त्यानं केलं असन त कोर्ट पाहून घेईन. मी कायले खोटं छापू? वळखतो न मी त्याले."

मयूरी दारात उभी होती. ती रडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुमाले जिथं तिथं नाव टाकायचं होतं न? टाकलं पाहा. आता मायावर टाकलं."

मी अनेकांना सरांची थट्टा करताना पाहिलं आहे, पण कोणाचा शब्द त्यांना लागलेला पाहिला नव्हता. तो लागला. ते उठून अंगणात गेले. परत आले तेव्हा त्यांनी खामगावला फोन लावला.

"भाऊसाहेब, मामायले म्हना, मोबाइल ठेवा न चौकशीले या. जानेफळले या. स्टँडवर विचारा, हॉटेलात विचारा, ज्याले पाह्यजे त्याले विचारा. फक्त कवा येता ते सांगा."

"काऊन? तयारी करता का?"

"नाई. त्या दिवशी मी गावात राहत नाई. मी असलो त लोक तोंडावर चांगलंच बोलतीन."

चौकशी ही आपली जुनी पद्धत. पण चौकशीला या म्हणून बोलावणं धाडून स्वतः गाव सोडणारा मुलीचा बाप माझ्या तरी ऐकण्यात नव्हता.

ठरल्या रविवारी सकाळीच ते मेहकरला माझ्या घरी आले. पायरीवर थांबून आधी पाटी बघितली, रुमालानं कोपरा पुसला, मग आत आले. सौ.नं चहा केला, तो गार झाला. पोहे केले, ते तसेच. मी मोबाइल पुढं केला, म्हटलं, "आकडा बघायचा का?"

"आज नको," ते म्हणाले. "आज दुसरीकडं सर्च चालू आहे."

मग त्यांना बसवेना. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं लिहून देऊ का विचारलं. सौ.नं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. दुपारपर्यंत तूरडाळ, हरभरा, शेंगदाणे, साखर असं सगळं सुंदर अक्षरात लिहून झालं. एकाही डब्यावर त्यांनी स्वतःचं नाव टाकलं नाही. मला त्या दिवशी सर्वांत जास्त काळजी कशानं वाटली असेल तर त्यानं.

जानेफळला त्या दिवशी काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी सलीमभाईंकडून कळलं. सलीमभाईंचं स्टँडवर हॉटेल आहे. मामा आणि अजून एक जण मोटारसायकलवर आले, चहा मागवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथले सोनुने सर कसे आहेत हो?"

"मैं तो सुरूच हो गया," सलीमभाई मला म्हणाले. "म्हटलं, उनका नामच मत निकालो. माया हॉटेलचा बोर्ड पाहा. सलीम केवढा अन् शेषराव केवढा! लोक मले शेषरावभाई म्हनून हाका मारतात."

शेजारी भाजी विकणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी भाजीच्या दरांची पाटी खडूनं लिहिली होती. सरांनी गिऱ्हाइकांसमोर ती पुसून पुन्हा लिहिली. "वांगे बाजूले राह्यले न लोक पाटीच पाहत बसले," मावशींची तक्रार. एक जुना विद्यार्थी म्हणाला, अख्खं वर्ष एकच माठ काढायला लावला, आता माठातलं पाणीसुद्धा गोड लागत नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणाला, आमच्या टाकीवर सरपंचाचं नाव पुसट झालं, पण यांचं दर दिवाळीला नवं होते, स्वतःचा रंग आणून.

मामांनी शेवटी जे विचारायला आले होते ते विचारलं. "पैशाअडक्याचं कसं आहे? काही भानगड?"

सलीमभाईंना हसू आवरेना. "भानगड? बोर्ड रंगवून उरलेला रंग परत आनून देते तो मानूस. वरतून मले विचारते, डब्याचं झाकन कोठं ठेवलं तुमी, रंग वाळते न!"

मामा तासभर बसले. दोन वेळा चहा झाला. गाव मनसोक्त बोललं. जाताना त्यांनी सलीमभाईंच्या बोर्डाचा फोटो काढून नेला.

पाच-सहा दिवसांनी खामगावहून निरोप आला, साखरपुड्याची तारीख काढा म्हणून. साखरपुड्यात मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "मोबाइलवर या सरायचं एकच वाईट दिसलं, न मी भेलो. गावात आलो त वाईट सांगनारे ढीगभर भेटले. ऐकून ऐकून वाटलं, असं वाईट आमच्या घरात बी चालन." सर हसले, पण डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसत राहिले.

मयूरीनं त्यांच्या ताटात स्वतःच्या हातानं पुरणपोळी वाढली आणि म्हणाली, "घ्या, शेषरावभाई." एवढ्यावर बापलेकीचं मिटलं.

लग्नाच्या पत्रिका वाटायला सुरुवात झाली, त्या शनिवारी सर मोजणीला आले नाहीत, फोन करायला आले. जालन्याकडचा नंबर आता लागत होता. ते शेषराव जामिनावर बाहेर होते. स्पीकर चालू होता, म्हणून मी ऐकलं.

"सर, मला कशाला बोलवायले तुम्ही? माझ्यामुळं तुमच्या लेकीचं मोडायलं होतं असं कळलं मला."

"मोडलं नाई न? मंग या."

"येतो. मागं बसतो, जेवतो, जातो. पण माझं नाव तेवढं घेऊ नका कुठं."

"बरं," सर म्हणाले. "तुमचं नाई घेत. मायं त घेऊ द्याल?"

मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्या गृहस्थांचा खटला अजून चालू आहे. निकाल लागलेला नाही, तेव्हा ते दोषी की निर्दोष याबद्दल मी काही लिहीत नाही. मी फक्त लग्नात जे पाहिलं ते लिहितो. लग्नानंतर दोन महिन्यांनी सर निवृत्त झाले आणि पुण्याला मुलाकडे राहायला गेले. फोनवर बोलणं होतं, पण डोळ्यांपुढं राहिले आहेत ते त्या दिवशीचे.

मांडव शाळेच्या मैदानावर होता. घराच्या भिंतीवर गणपती आणि वधूवरांची नावं सरांनी स्वतः काढली होती, कोपऱ्यासकट. मंगलाष्टकांच्या आधी आपल्याकडे मान्यवरांचं स्वागत असतं, शेला आणि टोपी देऊन. माइक खरात सरांकडे. पिंपळगावचे मामा पहिल्या रांगेत, सोफ्यावर, फेटा बांधून. आमदार झाले, सरपंच झाले, मुख्याध्यापक झाले. मग सोनुने सरांनी खरात सरांच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. खरात सरांनी ती वाचली आणि माइक तोंडासमोरच ठेवून म्हणाले, "सर, हे तर तुमचंच नाव आहे. वधुपित्यानं स्वतःच स्वतःला टोपी घालायची का?"

मांडव हसला. मलाही वाटलं, ही सरांची नेहमीची हौस.

"वाचा तुमी," सर म्हणाले.

"श्री. शेषराव सोनुने यांनी कृपया मंचावर यावं," खरात सरांनी पुकारलं.

कोणी उठलं नाही. लोक आधी मंचावर उभ्या असलेल्या सरांकडे बघू लागले, मग एकमेकांकडे. मी मागं बघितलं. शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर पांढऱ्या शर्टातला एक माणूस मान खाली घालून बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

सर मंचावरून उतरले. घाई केली नाही. अख्खा मांडव ओलांडून मागं गेले आणि त्या माणसाचा हात धरला. तो उठेना. सर वाकून त्याच्या कानात काही तरी बोलले. काय ते मला कळलं नाही, आणि मी नंतरही विचारलं नाही. तो उठला. दोघं मधल्या वाटेनं पुढं आले.

सर त्याला घेऊन मंचावर गेले नाहीत. पहिल्या रांगेत मामांच्या पुढ्यात थांबले.

"मामा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "हे शेषराव सोनुने."

मामांना नाव माहीत होतं. पिंपळगावच्या सगळ्याच मंडळींना माहीत होतं. मामा बसलेलेच होते. सरांनी हातातली टोपी त्यांच्यापुढं धरली. "तुमीच घाला."

मंचावर मयूरी नऊवारीत उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं हात जोडले होते, मामांकडे बघून नव्हे, त्या पांढऱ्या शर्टाकडे बघून.

मामा उठले. टोपी घेतली, त्या माणसाच्या डोक्यावर ठेवली, आणि ती जरा वाकडी बसली म्हणून दोन्ही हातांनी सरळ केली. खरात सरांनी माइकवर काही विनोद केला नाही. त्यांनी दोघांच्या गळ्यात शेले घातले आणि दुसरी टोपी आणून सोनुने सरांच्या डोक्यावर घातली.

मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता उडाल्या. गर्दीत मी मागच्या बाजूला ढकललो गेलो. तिथून पुढं बघितलं तर ते दोघं मांडवाच्या खांबाशी उभे होते, खांद्याला खांदा लावून, डोक्यावर सारखी टोपी, गळ्यात सारखा शेला. दोघांचे हात एकाच लयीत अक्षता टाकत होते. एक एक पान उघडून ज्यांना मी वेगळं केलं होतं, त्यांच्यातला आमचा कोणता, हे मला पाठीमागून सांगता येईना.